आजोबांच्या थर्टी-ओ-सिक्सला १९४३ ची मिलिटरी काडतुसं चालवावीत का?

राजापूरचा_सडा

नमस्कार मंडळी. इथे बारा बोअर आणि ठासणीच्या बंदुकांवर बरंच बोलणं होतं, रायफलवर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून विचारतोय. आमच्याकडे आजोबांच्या वेळची थर्टी-ओ-सिक्सची (हे अमेरिकन मिलिटरी काडतुसाच्या मापाचं नाव) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, आजोबांनंतर वडिलांच्या आणि आता रीतसर माझ्या नावावर लायसन झालंय. रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या लोखंडी भागावर, एडीस्टोन असं कोरलंय आणि पुढच्या लाकडावर दोनेक इंचाचा लाल रंगाचा पट्टा पुसट दिसतो, तो कशाचा ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

तर झालं काय, पावसाच्या आधी गोठ्याची कौलं उतरवली शाकारणीला, तेव्हा माळ्यावर गवताच्या पेंढ्यांमागे एक पत्र्याचा डबा सापडला. आत कापडी पट्ट्यात पाच-पाच काडतुसांच्या क्लिपा. बुडावर एस एल आणि ४३ असं आहे. बहुतेकांची टोकं साधी तांब्याच्या रंगाची, थोड्यांच्या टोकाला काळा रंग लावलेला. आणि डब्याच्या तळाशी काही सुट्टी पडलेली वेगळीच काडतुसं, त्यांच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे आणि त्यावर के, मधे बाण, मग एफ. आजोबा युद्धाच्या वेळी मुंबईला गोदीत कामाला होते, तिथूनच आणली असणार असं आत्या सांगते. पितळ कुठे काळवंडलंय, काहींच्या मानेजवळ हिरवट पूड धरलीय.

नव्या गोळ्यांची परिस्थिती तुम्हाला माहीतच आहे, परदेशी माल, मिळाला तर मिळाला आणि भाव विचारायची सोय नाही. म्हणून वाटतंय की ही चालवून बघावीत. वडिलांचे एक मित्र म्हणतात मिलिटरीचा माल आहे, शंभर वर्षं काही होत नाही, खुशाल चालव. रायफल फुटेल का, नळी खराब होईल का, का नुसतंच टिक होऊन बार निघणार नाही, जरा जाणकारांनी सांगा.

जुना_आर्मरर

आधी रायफलबद्दल, कारण वाचूनच बरं वाटलं. ती एम १९१७ नावाची अमेरिकन रायफल आहे. पहिल्या महायुद्धात विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोन अशा तीन ठिकाणी बनली, एडीस्टोनने सगळ्यात जास्त बनवल्या. १९४० ला डंकर्कच्या माघारीनंतर इंग्लंडकडे हत्यारंच उरली नव्हती तेव्हा अमेरिकेने या रायफली पाठवल्या आणि त्या तिथल्या होम गार्डला, म्हणजे स्वयंसेवक दलाला, मिळाल्या. इंग्रजांची स्वतःची गोळी थ्री नॉट थ्री, ही थर्टी-ओ-सिक्स, त्या गोळीची त्यांची एक रायफल आणि ही दिसायला जवळजवळ सारख्या, घाईत कुणी चुकीची गोळी भरू नये म्हणून लाकडावर लाल पट्टा मारायचे. तुझ्या लाकडावरचा पट्टा तोच असणार. तो घासून काढू नको आणि पॉलिश तर अजिबात मारू नको, हात जोडून सांगतो.

अ‍ॅक्शन दणकट आहे, त्या बाबतीत निश्चिंत राहा. फक्त पूर्वी कुणी नळी बदललेली असेल तर एडीस्टोनच्या रिसीव्हरला बारीक चीर असू शकते, कारण कारखान्यात नळ्या फार आवळून बसवलेल्या होत्या आणि त्या काढताना ताण पडायचा. लायसनवाल्या गनस्मिथकडून एकदा हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसामधली फट, गेज लावून बघून घे, नवी गोळी असो का जुनी.

आता काडतुसं. एस एल म्हणजे सेंट लुइसचा कारखाना, ४३ म्हणजे १९४३. अमेरिकन फौज तेव्हा आसाम-बर्माच्या आघाडीसाठी आपल्याकडे होतीच, त्यामुळे असा माल इथे सापडला तर नवल नाही. काळी टोकं आहेत ती आर्मर पियर्सिंग, आत कडक पोलादाचा गाभा असतो, ती वेगळी काढून ठेव आणि चालवायचा विचारच करू नको. लाल टोकाचं एखादं दिसलं तर ते ट्रेसर, ते जळत जातं, आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरचं गवत कसं असतं ते तुला माहीत आहे.

राहिली साधी. त्या काळच्या अमेरिकन थर्टी-ओ-सिक्सच्या टोपीत (काडतुसाच्या बुडातली, पिन आपटली की पेटणारी) पोटॅशियम क्लोरेट असायचं. टोपी फुटली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं आणि ते बारीक होऊन नळीभर बसतं. ते मीठच आहे, आपल्या खायच्या मिठाचं सख्खं भावंड. तुझ्या नळीला आतून क्रोमचा मुलामा नाही. म्हणजे बार काढून रायफल तशीच भिंतीला टेकवून ठेवलीस तर दुसऱ्या दिवशी नळीत बघवणार नाही. १९५० नंतरच्या काही वर्षांत एकेक अमेरिकन कारखाना बिनगंजाच्या टोपीकडे वळला, पण ४३ सालचं काडतूस गंजाचंच धरून चालायचं.

फुटण्याबद्दल विचारशील तर मला दारूपेक्षा पितळाची काळजी जास्त वाटते. हिरवट पूड मानेजवळ आहे म्हणतोस ना, भिंग घेऊन बघ, मानेवर उभी बारीक चीर आहे का. फोटो टाक.

मालवणी_काको

झिला, डबो खंय गावलो? गोठ्यार ना? मगे मी काय सांगतंय ता आयक. माझ्या बापाशीचे बारा बोअरचे पितळी कारतूस असेच गोठ्यातल्या पेटीत व्हते, वरसून दिसाक एकदम झकास, हातात घेवन जरा दाबलो तर काठ फुटलो. तेवा कोणाकच कारण समजला नाय. गोठ्यातलो वास पितळेक मानवना नाय इतक्या माका म्हायत असा. तू ते चालवू नको, रायफल तुझ्या आज्याची असा, परत मेळाची नाय.

धातूवाला_चिपळूण

काकांनी जे सांगितलं त्याला पक्कं शास्त्रीय कारण आहे आणि ते नेमकं आपल्याच देशातलं आहे म्हणून जरा लांबण लावतो.

इंग्रजांच्या वेळी हिंदुस्थानातल्या फौजेत एक प्रकार व्हायचा, पावसाळ्यात साठवून ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. कुणी हात लावलेला नाही, आपटलेलं नाही, तरी मानेपाशी चिरा. पावसाळ्याच्या सीझनमध्ये व्हायचं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग हेच नाव पडलं आणि आजही धातूशास्त्राच्या पुस्तकात तेच नाव आहे. बरीच वर्षं कारण कळेना. मग १९२१ च्या सुमाराला उलगडा झाला. पावसाळ्यात काडतुसं कोरडी राहावीत म्हणून तबेल्यांमध्ये ठेवायचे आणि घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काडतूस ओढून-दाबून बनवतात तेव्हा पितळात आतल्या आत ताण राहतो, त्यात मान तर गोळीवर आवळलेली असते. ताण आहे, दमटपणा आहे आणि अमोनिया आहे, तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमेवरून तडकत जातं, वरून चकचकीत दिसत असलं तरी.

उपाय म्हणून काडतुसाची मान तापवून ताण घालवायला लागले, मिलिटरीच्या काडतुसाच्या मानेला निळसर-तपकिरी झाक दिसते ती त्याचीच. तुझ्या ४३ च्या मालाचीही मान तापवलेली असणार, त्यामुळे घोड्यांच्या काळाइतकी वाईट गत नसावी. पण गोठ्यावरचा माळा, खाली गुरं, वर कौलं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि हे सगळं ऐंशी वर्षं, याहून वाईट जागा मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

शिवाय उन्हाळ्यात कौलांखाली तापतं ते वेगळं. दारू नायट्रोसेल्युलोजची असते, तिच्यात टिकावी म्हणून स्टॅबिलायझर घातलेला असतो, उष्णतेने तो लवकर संपतो. तो संपला की दारू स्वतःच आम्ल सोडायला लागते आणि पितळ आतून खाते. शंभर वर्षं टिकतं म्हणणारे तुझ्या वडिलांचे मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत, सील केलेला डबा थंड कोरड्या दारूखान्यात राहिला असेल तर टिकतोही. गोठ्यावर नाही.

वकील_दापोली

वरची सगळी चर्चा उत्तम आहे, पण मला सगळ्यात जास्त धास्ती डब्याच्या तळाशी पडलेल्या त्या कडेच्या काडतुसांची वाटतेय.

के, बाण, एफ म्हणजे किरकी, आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. आणि कड असलेलं काडतूस म्हणजे थ्री नॉट थ्री. तुमच्या रायफलमध्ये ते बसतच नाही हा भाग सोडा, आपल्या देशात थ्री नॉट थ्री प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणारं माप. तुमचं लायसन थर्टी-ओ-सिक्सचं. म्हणजे ती काडतुसं घरात ठेवणं हा शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे, मग ती आजोबांची असोत, निकामी असोत का चार असोत. नकळत सापडली ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे, पण सापडल्यावर गप्प बसलात तर ती बाजू राहत नाही, म्हणून दिवस घालवू नका.

थर्टी-ओ-सिक्सच्या गोळ्यांचंही तेच. लायसनवर किती गोळ्या बाळगता येतात तो आकडा असतो आणि खरेदीची नोंद लागते. गोदीतून आणल्या असं आत्या सांगते, म्हणजे पावती नसणारच. मग तुमच्या लायसनचा बोअर जुळला तरी तो साठा नोंदीबाहेरचा आहे. आणि काळ्या टोकाच्या गोळ्यांबद्दल तर वाद घालायलाही जाऊ नका.

करायचं असं. डबा होता तसा बंद करून कुलपात ठेवा. ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, कधी, कुठे, काय करताना सापडलं, साधारण काय काय आहे, आणि जमा करायचं आहे असं स्पष्ट लिहा, पोच घ्या. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला. डबा स्वतः एसटीत किंवा गाडीच्या डिकीत घालून नेऊ नका, त्यांना घरी येऊन पंचनामा करून नेऊ द्या. कुणा मित्राला चार गोळ्या आठवण म्हणून देऊ नका, तोही अडकेल. आणि कुणी सांगितलं खाडीत टाकून दे तर बिलकूल ऐकू नका, ओहोटीला कुणाच्या तरी पोराच्या हाताला लागतील.

घाटावरचा_नेमबाज

कायद्याचं मान्य, पण एक शंका. गंजाच्या टोपीचा एवढा बाऊ करतात लोक, माझ्या मामांकडे सोलापूरला किनॉक या इंग्लिश कंपनीचा जुना माल होता, लायसनवर चढवलेला, ते बार काढून नुसतं तेलाची चिंधी मारायचे आणि रायफल पेटीत. काही गंज वगैरे आला नाही कधी. मग हे मीठ-बिठ खरंच एवढं वाईट असतं का?

जुना_आर्मरर

चांगला प्रश्न विचारलास, यातच सगळी मेख आहे.

पोटॅशियम क्लोराइड स्वतः कोरडं असलं तर लोखंडाला फारसं काही करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं, म्हणजे नळीत सरळ खारं पाणी तयार होतं. सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने त्याच्या खूप खाली असते, मीठ नळीत निपचित पडून राहतं आणि माणसाला वाटतं गंज येतच नाही. तीच रायफल जूनमध्ये मालवणला आणून ठेव. इथे पावसाळ्यात दिवसचे दिवस आर्द्रता ८५-९० च्या खाली उतरत नाही, आणि किनाऱ्याजवळ घर असेल तर वाऱ्याबरोबर समुद्राचं मीठ येतं ते तर ७५ टक्क्यांलाच पाणी सोडतं. इथे एक रात्र पुरते.

आणि तेल. मीठ तेलात विरघळत नाही. तेलाची चिंधी मारली म्हणजे मिठावर तेलाचा थर बसवला, मीठ आहे तिथेच. मिठाला काढतं फक्त पाणी. जुन्या ब्रिटिश फौजेत यासाठी खास वाकड्या नळीचं नरसाळं असायचं, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, बसवून वरून उकळतं पाणी ओतायचं. उकळतं अशासाठी की नळी तापते आणि आपोआप लगेच सुकते. अमेरिकेत काही लोक काच पुसायचं अमोनियाचं पाणी वापरतात आणि अमोनियाने मीठ मरतं म्हणतात, ते खरं नाही, काम त्यातलं पाणी करतं. अमोनियाने फार तर नळीत चिकटलेलं तांबं सुटतं.

राजापूरचा_सडा

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो टाकणार होतो पण वकील साहेबांचं वाचून आधी त्यांनाच फोन केला, मग अर्ज दिला. हवालदार आणि दोन पंच येऊन डबा घेऊन गेले, पोच मिळाली, माणसं समजून घेणारी होती. जाण्याआधी त्यांच्यासमोरच भिंगातून पाहिलं, एस एलच्या बऱ्याच काडतुसांच्या मानेवर उभी चीर स्पष्ट दिसत होती, केसाएवढी, एकीत तर गोळी बोटाने हलत होती. किरकीच्या एका काडतुसाची गोळी निखळून पडलेली, आतून दारूऐवजी बारीक तपकिरी शेवया बाहेर आलेल्या दिसल्या, त्या बघून हवालदारही थांबले.

आता रायफलला नव्या गोळ्याच आणीन, थोड्या का होईना. पण अजून दोन गोष्टी विचारतो. जुनी गोळी चीर असताना चालवलीच असती तर नेमकं काय झालं असतं? आणि आजोबांनी हीच काडतुसं चालवून रायफल तशीच ठेवली असेल तर नळीत अजून मीठ असेल का, टॉर्च टाकून पाहिलं तर आत काळपट डाग आहेत.

जुना_आर्मरर

जमा केलंस ते फार चांगलं केलंस. त्या शेवया म्हणजे कॉर्डाइट, थ्री नॉट थ्रीची दारू तशीच असायची, दोऱ्यांची जुडी. त्याला हात लावला असशील तर हात धुवून टाक, नायट्रोग्लिसरीन असतं त्यात, कातडीतून जातं आणि डोकं दुखतं.

मान तडकलेली असेल तर बहुतेक वेळा नुसता गॅस मागे चेंबरमध्ये येतो, चेंबर काजळतं, नेम बिघडतो. पण चीर खाली खांद्यापर्यंत किंवा बुडाकडे गेलेली असेल तर गरम गॅस बोल्टच्या बाजूने तोंडाकडे येतो. आणि गोळी मानेत सैल असेल तर भरताना ती आत केसमध्ये ढकलली जाते, दारूला जागा कमी पडते, प्रेशर वाढतं, ते जास्त धोक्याचं.

जुन्या मालात याहून जास्त वेळा होणाऱ्या गोष्टी दोन, त्या सगळ्यांनीच लक्षात ठेवा, नव्या गोळीलाही लागू आहेत. एक, चाप ओढला, टिक झालं, बार नाही. बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी निशाणाकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबायचं, मी तर पूर्ण मिनिटभर थांबायला सांगतो. टोपी सुस्त झालेली असली तर आग रेंगाळत जाते आणि उशिरा बार होतो, तो बोल्ट उघडा असताना झाला तर तोंडावर. दोन, आवाज नेहमीचा न येता फुस्स असा आला तर दुसरी गोळी भरायचीच नाही. पहिली गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यावर दुसरी मारली की नळी फुगते किंवा फाटते. रायफल रिकामी करून बोल्ट काढायचा, चेंबरच्या बाजूने आरपार उजेड दिसतो का बघायचं. चष्मा आणि कानाला बोळे हवेतच.

आणखी एक, पुष्कळ जण काडतूस गंजू नये म्हणून तेल लावून ठेवतात. ते करू नये. तेल टोपीत झिरपून टोपी मारतं, आणि तेलकट केस चेंबरच्या भिंतीला धरत नाही म्हणून सगळा धक्का बोल्टवर येतो.

मालवणी_काको

शाबास रे झिला. नवे गोळये आणलंस तरी कलमांच्या बागेत बार काढून बघू नको हां. रायफलीचो गोळो तीन किलोमीटर जाता, आणि आमचो कातळ असो की चपट्या कोनान लागलो की खंय उसळात सांगूक येवचा नाय. डुकराक मारूचा तर वनखात्याची परवानगी व्हयी, ता पण इसरा नको.

जुना_आर्मरर

काका बरोबर बोलताहेत, जांभ्यावरून आणि कातळावरून गोळी उसळते, मिलिटरीची पूर्ण कवचाची गोळी तर जास्तच. टेस्ट करायची ती परवानगीच्या रेंजवर, मागे मातीचा उंच बांध असेल तिथेच.

नळीतल्या डागांचं. जुनं मीठ खड्ड्यांत गंजाखाली दबून राहू शकतं, म्हणून एकदा पाण्याने धुऊनच टाक. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघ. बोल्ट काढ. तोंड खाली करून बादलीत धर, चेंबरमधून नरसाळ्याने उकळतं पाणी सोड, तांब्याभर पुरेसं आहे, पाणी लाकडात शिरणार नाही असं नरसाळं नीट बसव आणि लाकडाभोवती फडकं गुंडाळ. लगेच कोरड्या चिंध्या, एकामागोमाग, कोरडी निघेपर्यंत. मग ब्रॉंझचा ब्रश तेलात बुडवून चेंबरकडून तोंडाकडे, उलटा फिरवायचा नाही. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिनचं भोक विसरू नको, तिथेही टोपीचा गॅस जातो. वाळूचा कागद, स्टील वूल वगैरे नळीत घालायचं नाही. खड्डे पडलेले असतील तर ते भरून येणार नाहीत, पण खड्डे असलेल्या नळीनेही नेम बरा लागतो, निराश होऊ नको.

पावसाळ्यात कापडाच्या किंवा चामड्याच्या कव्हरात ठेवू नको, दोन्ही ओल धरतात, आणि चामडं कमावतानाचे क्षार वेगळेच. मोकळ्या लोखंडी कपाटात, तळाशी सिलिका जेलची पाकिटं, दर आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसणं. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या दिवशी पांढरी चिंधी मारून बघ. तपकिरी निघाली तर परत पाणी. पांढरी निघाली की हलकं तेल लावून ठेव आणि रेंजवर जाताना पहिल्या बाराआधी नळी कोरडी करायला विसरू नको.